सासूबाईंचा नीलम भट्टीत घालू का?

कोकणातल्या एका गावाहून ५३ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे आजेसासरे बोटीवर नोकरीला होते. १९५० च्या सुमारास कोलंबोहून येताना त्यांनी एक निळा खडा आणला आणि घरच्या सोनाराकडून अंगठीत बसवून घेतला. पुढे ती अंगठी सासूबाईंच्या बोटात चाळीस वर्षं होती. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, अंगठी सुनेकडे आली. आता मार्गशीर्षात लेकीचं लग्न आहे आणि हा खडा तिला द्यावा असं ताईंच्या मनात आहे. ओळखीच्या सराफांनी खडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. दाखला आला : नैसर्गिक नीलम, ४.५८ कॅरेट, तापवल्याच्या खुणा नाहीत. सराफ म्हणाले, 'अस्सल आहे, पण फिका आहे. आत धागे आहेत, खाली पोट सुटलंय, घाट जुना आहे. भट्टीत घालून रंग उठवू, नव्यानं पैलू पाडू, साडेतीन कॅरेटचा सुरेख खडा होईल. नाहीतर हा द्या आणि याच्या बदल्यात गडद निळा, चकचकीत खडा घेऊन जा.' नणंद म्हणते, आईची वस्तू आहे तशी राहू दे. आत्याबाई म्हणतात, नीलम शनीचा, नव्या संसारात नको. त्यात सासूबाईंच्या वहीत 'निळा खडा, साडेसात गुंजा' अशी नोंद सापडली आणि सराफ तर पाच रत्ती सांगतात. मग अडीच गुंजा गेल्या कुठे, ही धाकधूक वेगळीच. ताई लिहितात, 'अंगणात तुळशीला पाणी घालताना सासूबाईंच्या बोटात तो फार छान दिसायचा. दुकानात मात्र मलूल वाटला. फिका खडा दिला तर तिच्या सासरी काय म्हणतील? आणि भट्टीत घातला तर सासूबाईंना काय वाटलं असतं?'

ताई,

आधी ती धाकधूक मिटवू या, म्हणजे बाकीचं शांतपणे बोलता येईल. तुमच्या खड्यातलं काहीही गेलेलं नाही. वहीतली गुंज सोनाराच्या काट्यावरची आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्यामुळे एक गुंज साधारण ०.१२१५ ग्रॅमची होते. साडेसात गुंजा म्हणजे ०.९१ ग्रॅम. कॅरेट ०.२ ग्रॅमचा असतो, तेव्हा हे झाले सुमारे साडेचार कॅरेट. दाखल्यावर ४.५८ आहे. जुन्या काट्यावर एवढा फरक पडायचाच. सराफांची रत्ती मात्र वेगळी. खड्यांच्या बाजारात रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची धरतात, त्या मापानं तुमचा खडा पाच रत्ती भरतो. गुंजेलाच रत्तीही म्हणतात, पण मापं दोन आहेत, एवढंच. ज्यांच्या घरी जुने खडे आहेत त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की वजन नेहमी कॅरेटमध्ये विचारा आणि कॅरेटमध्येच पावतीवर लिहून घ्या. वहीची आणि दाखल्याची वजनं जुळतात, याचा अर्थ आजेसासऱ्यांनी आणलेला तोच खडा आज तुमच्या हातात आहे. कारखान्यात बनवलेले नीलम १९१० च्या सुमारापासून बाजारात आहेत. बंदरावर उतरलेल्या माणसानं १९५० मध्ये घेतलेला खडा अस्सल निघणं ही साधी गोष्ट नाही. त्यांनी पारखून घेतला असणार, किंवा चांगल्या माणसाकडून घेतला असणार.

आता सराफांनी सांगितलेले दोष. फिका रंग, आतले धागे, सुटलेलं पोट. तुम्ही ते तिन्ही जसेच्या तसे लिहून पाठवलेत आणि ते दोषच आहेत हे धरूनच पुढचा प्रश्न विचारलात. मला तिथंच जरा थांबावंसं वाटतं.

नीलम हा मुळात कुरुंद. पात्यांना धार लावायला वापरतात तो कुरुंदाचा दगड आणि तुमच्या अंगठीतला खडा, दोन्ही ॲल्युमिनियम ऑक्साइडच. शुद्ध असेल तर हे स्फटिक पाण्यासारखे रंगहीन असतात. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक होतं. लोह आणि टायटॅनियम हे दोघं शेजारी शेजारी बसले की निळा रंग येतो. हे दोघं असतात अगदी नाममात्र, पण जोडी जमली की तेवढ्यावर सगळा खडा निळा दिसतो. श्रीलंकेतले नीलम ५० कोटी वर्षांहून जुने आहेत. ज्या खडकात ते घडले तो झिजून गेला आणि खडे नद्यांच्या गाळात, वाळूगोट्यांच्या थरात येऊन बसले. तिथले खाणकामगार त्या थराला 'इल्लम' म्हणतात. रत्नपुराच्या आसपास आजही विहिरीसारखे खड्डे खणून, लाकडांचा आधार देऊन ते तो थर वर काढतात आणि वेताच्या पसरट टोपल्यांत घोळून घोळून धुतात. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, जड खडे टोपलीच्या तळाशी राहतात. रत्नपुराचा खडा रत्नागिरीच्या मुलखात यावा, हा नावांचा योग मला फार आवडला.

तुम्ही ज्यांना धागे म्हणता त्यांना या व्यवसायात रेशीम म्हणतात. स्फटिक सावकाश थंड होत गेला तेव्हा आतलं जास्तीचं टायटॅनियम बाहेर पडून रुटाइल नावाच्या खनिजाच्या केसाहून बारीक सुया झाल्या. त्या वाटेल तशा पडत नाहीत. स्फटिकाच्या घडणीप्रमाणे तीनच दिशांना, एकमेकींशी ६० अंशांचा कोन करून बसतात. दहा पटीच्या भिंगाखाली बाजूनं उजेड टाकून बघा, विणलेल्या कापडाचा तुकडा बघतोय असं वाटतं. हे रेशीम दाट असेल आणि खड्याला पैलू न पाडता घुमटासारखा गोल घाट दिला, तर त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये ५६३ कॅरेटचा 'स्टार ऑफ इंडिया' आहे. नाव भारताचं असलं तरी खडा श्रीलंकेचा, आणि त्याचं सगळं कौतुक आहे ते या रेशमाचं. रेशीम विरळ असेल तर तारा दिसत नाही, पण प्रकाश त्या सुयांवर आपटून खड्याच्या आत पसरतो आणि खडा आतून मऊ उजळल्यासारखा दिसतो. काश्मीरच्या नीलमांचं नाव जगभर घेतलं जातं. १८८० च्या आसपास पाडर भागात, साडेचार हजार मीटर उंचीवर दरड कोसळली आणि ते उघडे पडले. उत्तम माल जेमतेम पाच-सहा वर्षांत संपला. त्यांची मखमली निळाई आत विखुरलेल्या अतिसूक्ष्म कणांमुळेच दिसते. ते कण काढून टाकले तर ती मखमलही जाईल.

दुसरी गोष्ट म्हणजे, प्रयोगशाळेनं 'तापवल्याच्या खुणा नाहीत' हे ओळखलं कशावरून? बहुतेक वेळा या धाग्यांवरूनच. भट्टीत गेलेल्या खड्यात या सुया तुटक, ठिपक्याठिपक्यांच्या होतात किंवा पार विरघळून जातात. आतल्या इवल्या स्फटिकांभोवती तबकडीसारखे तडे उमटतात. तुमच्या खड्यात त्या सुया शाबूत आहेत. सराफांनी ज्याला दोष म्हटलं, दाखल्यावरचं सगळ्यात मोलाचं वाक्य त्याच्याच साक्षीवर लिहिलं गेलंय.

भट्टीत नेमकं काय होतं तेही सांगते. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. श्रीलंकेचे फिके, दुधट खडे निळे करायची भट्टी त्याच्याही बरीच वर, १६०० अंशांपलीकडे नेतात. तिथं रुटाइलच्या सुया विरघळतात, त्यांतलं टायटॅनियम स्फटिकात परत शिरतं, लोहाशेजारी बसतं आणि निळा रंग वाढतो. म्हणजे आतलंच रेशीम वितळवून त्याचा रंग करायचा. कल्पना हुशारीची आहे, यात शंका नाही. श्रीलंकेत अशा दुधट खड्यांना 'गेउडा' म्हणतात. पूर्वी त्यांना कोणी विचारत नसे. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी ते स्वस्तात नेले, तापवले, आणि सगळ्या जगाचा नीलमांचा बाजार पालटला. आज दुकानांत दिसणारे बहुतेक नीलम तापवलेले असतात. तापवलेला खडा खोटा नसतो. त्याचा रंग टिकाऊ असतो. तापवल्याचं सांगून, त्या भावानं विकला तर त्यात फसवणूक नाही. रत्नं तापवण्याची रीतही जुनीच, अल्-बिरूनी या विद्वानानं अकराव्या शतकात माणकं तापवल्याचं लिहून ठेवलं आहे. म्हणून तुमच्या सराफांनी काही अधर्म सुचवला असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकं गडद आणि स्वच्छ मागतात, त्यांनी तेच सुचवलं.

तरीही तुमच्या खड्याला भट्टी दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रंग उठेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आत लोह किती, भट्टीतली हवा कशी, यावर सगळं अवलंबून असतं. आतले बारीक स्फटिक फुगून खडा तडकू शकतो. सगळं मनासारखं झालं तरी गेलेलं रेशीम पूर्वीसारखं परत येत नाही, आणि पुढच्या दाखल्यावर 'तापवलेला' असंच येईल. रंग उठला तर तुम्हाला मिळेल तसा तापवलेला निळा खडा कोणत्याही पेठेत कधीही विकत घेता येईल. आज तुमच्याकडे आहे तो मात्र पुन्हा मिळणार नाही.

इथं एक गोष्ट आत्याबाईंनाही जरूर वाचून दाखवा. गरुडपुराणात रत्नपरीक्षेचे अध्याय आहेत, त्यात इंद्रनीलाचा, म्हणजे नीलमाचा, एक आहे. त्यात म्हटलंय की माणकाहून इंद्रनील जास्त आग सोसतो. पण लगेच बजावलंय की परीक्षेसाठी किंवा गुण वाढावेत म्हणून मणी कधीही आगीत घालू नये. आगीचं प्रमाण न कळल्यानं दाहदोष लागलेला मणी धारण करणाऱ्याला, आगीत घालणाऱ्याला आणि घालायला लावणाऱ्याला, तिघांनाही अनर्थाचा होतो. 'गुण वाढावेत म्हणून' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागं जाऊन वाचले होते. इतक्या जुन्या काळी कोणा पारख्यानं आगीतून बिघडून आलेले खडे डोळ्यांनी बघितले असतील, त्याशिवाय कोणी असं लिहीत नाही. त्याच अध्यायात दुधाचंही आहे. आपल्या शंभरपट दुधाला जो निळं करतो तो महानील, असं तिथं म्हटलंय. त्यावरून आजही दुधाच्या पेल्यात नीलम टाकून परीक्षा करतात. ती करू नका. निळी काचसुद्धा दुधात निळी झाक दाखवते.

पोट सुटल्याचं आता. मला सगळ्यात जास्त काळजी या पुन्हा पैलू पाडण्याची वाटते, कारण हे काम किरकोळ समजून पटकन 'हो' म्हटलं जातं.

तुमचा खडा त्या काळचा, कोलंबोहून आलेला, तेव्हा बहुधा तो 'हनपोरुव'वर घडला असेल. हे श्रीलंकेचं जुनं पैलू पाडायचं यंत्र. उभी चकती आडव्या दांड्यावर बसवलेली, आणि दांड्याला धनुष्याची दोरी गुंडाळलेली. कारागीर एका हातानं धनुष्य मागेपुढे ओढतो, दुसऱ्या हातात काडीच्या टोकाला चिकटवलेला खडा धरून फिरत्या चकतीला टेकवतो. कोन मोजायला काही साधन नाही. सगळा अंदाज डोळ्याचा आणि बोटांचा. म्हणून या खड्यांचे पैलू थोडे लहानमोठे असतात, खड्याच्या कमरेची, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जुळतात तिथली, रेघ किंचित वाकडी असते. परदेशातले व्यापारी अशा घाटाला गावठी समजायचे. पण कारागिराचं कौशल्य बघायचं तर आधी त्यानं काय काय जमवून आणलंय ते बघावं लागतं.

नीलम एका दिशेनं बघितला तर निळा-जांभळा दिसतो, दुसऱ्या दिशेनं हिरवट निळा. त्यामुळे खड्याचं तोंड कोणत्या बाजूला करायचं हे आधी ठरवावं लागतं. त्यात निळा रंग सगळीकडे सारखा कधीच नसतो, थरांमध्ये असतो, कुठं गडद, कुठं जवळजवळ पांढरा. श्रीलंकेचे जाणते कारागीर काय करतात, तर जिथं रंगाचा ठिपका असेल तो भाग खड्याच्या अगदी तळाशी, टोकाजवळ ठेवतात. वरून आत गेलेला प्रकाश तळाच्या पैलूंवर आपटून परत येताना त्या ठिपक्यातून जातो आणि रंग घेऊन येतो. वरून बघणाऱ्याला पूर्ण खडा निळा दिसतो. चिमूटभर निळाईत सगळा खडा रंगवण्याची ही कला मला आजही थक्क करते. आणि तो ठिपका राखायचा तर तळाशी पोट ठेवावंच लागतं.

आता विचार करा. नवा कारागीर मापात बसवायला ते पोट घासून काढेल. रंग त्या पोटातच असला तर तो कॅरेटभर भुशाबरोबर जाईल आणि तुमच्या हातात खरोखरच फिका खडा येईल. तो दोष मग भट्टीत घालून झाकावा लागेल. पोट उगाच वजन राखायला ठेवलेलं असू शकतं, तसंही पुष्कळ व्हायचं. तसं असेल तर जाणत्या हातानं थोडी दुरुस्ती करणं गैर नाही. पण यांतलं काय आहे हे बघितल्याशिवाय चकतीला खडा लावू देऊ नका.

बघायचं कसं, तेही सांगते. सध्या खडा कोंदणातून सुटा आहे, ही सोयच झाली. पांढऱ्या वाटीत पाणी घ्या, खडा त्यात आडवा ठेवा आणि दिवसाच्या उजेडात बाजूनं बघा. पाण्यात पैलूंची चमक मरते आणि रंग कुठे बसलाय ते स्वच्छ दिसतं. दुसरी परीक्षा छापील कागदाची. वर्तमानपत्रावर खडा टोक खाली करून ठेवा आणि सरळ वरून बघा. मधोमध अक्षरं वाचता आली तर तिथून प्रकाश परत न येता खाली निसटतोय. त्याला खिडकी म्हणतात. अशी खिडकी असेल तर खडा मधे फिका दिसतो आणि दुरुस्तीला काही अर्थ आहे. अक्षरं दिसत नसतील तर कारागिरानं आपलं काम चोख केलंय. कडा झिजल्या असतील, वरच्या पैलूंवर ओरखडे असतील, तर नुसती जिल्हई करून घ्या. त्यात वजन फारच थोडं जातं.

दुकानातल्या मलूलपणाबद्दल. तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा ताई, अंगणात बघितलेलं खरं होतं. दुकानातले दिवे हिऱ्यासाठी, चकाकीसाठी लावलेले असतात. पिवळसर उजेडात नीलम राखाडी, बसका दिसतो. शेजारी गडद निळा खडा ठेवला की फिका आणखी फिका वाटणारच. आभाळाच्या उजेडात रेशीम असलेला खडा आपलं खरं रूप दाखवतो. कोणताही रंगीत खडा घेताना दुकानाच्या दाराशी या, उन्हात नव्हे, उघड्या सावलीत धरा, मग ठरवा.

बदल्यात जो चकचकीत खडा देऊ केलाय, त्याविषयी थोडं कडक बोलते. गडद आणि स्वच्छ नीलम न तापवलेला असेल तर फार महाग असतो. तेवढ्याला तेवढा मिळत असेल तर विचारायलाच हवं : नुसता तापवलेला आहे? बेरिलियमसारखं काही आत मुरवून रंग आणलाय? भेगांमध्ये कोबाल्टची निळी काच भरलीय? की कारखान्यात बनलेला आहे? काच भरलेला खडा लिंबासारख्या आंबटानं आणि सोनाराच्या ज्योतीनंसुद्धा खराब होतो. ही उत्तरं तोंडी घेऊ नका, नावाजलेल्या प्रयोगशाळेचा दाखला मागा आणि दाखल्यावरचं वजन, लांबी-रुंदी-जाडी खड्याशी ताडून बघा. तुमच्या खड्याची किंमतसुद्धा ज्याला तो घ्यायचाच नाही अशा दोन वेगळ्या जाणकारांकडून काढून घ्या. मात्र आकडा आकाशाला भिडेल अशी आशा धरू नका. 'न तापवलेला' या शब्दांनी किंमत वाढते ती मुळात रंग चांगला असेल तेव्हा. खूपच फिक्या खड्याला त्या शब्दांचा फारसा उपयोग होत नाही. दाखला खडा काय आहे ते सांगतो, सुंदर आहे की नाही ते सांगत नाही.

आता घरच्या माणसांबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सराफ बोलतात, नणंद बोलते, आत्याबाई बोलतात, लेकीच्या सासरचे अजून काही न बोलताही बोलतात. लेकीचं मात्र एकही वाक्य नाही. तिनं खडा बघितलाय का? आजीच्या हातात तिनंही तो बघितला असेलच. तिला गडद रंग आवडतो की नाही, अंगठी हवी की गळ्यात, की तिला आजीची आठवण हवी आहे आणि घाटाचं काही पडलेलंच नाही, हे तिलाच माहीत. सासरी काय म्हणतील याची काळजी तुम्ही आईच्या मायेनं करता, ते मला कळतं. पण 'माझे पणजोबा बोटीवर होते, त्यांनी कोलंबोहून आणला, आजीनं चाळीस वर्षं घातला, आणि याला कधी आग लागलेली नाही' एवढं तिला सांगता आलं, तर खडा फिका आहे का हे विचारायचं कोणाला सुचेल असं मला वाटत नाही.

नणंदबाईंचा आग्रह मला मोलाचा वाटतो, फक्त 'आहे तशी' म्हणजे काय ते एकदा त्यांच्याशी बसून बोला. खडा आहे तसा, की अंगठीसुद्धा? पन्नास-साठ वर्षांनी अंगठीचे पंजे झिजतात, आणि झिजलेल्या पंजांतून खडा कुठे आणि कधी पडला ते कळतही नाही. खडा तोच ठेवून घडण नवी करणं यात आईची खूण पुसली जात नाही. जुनं सोनं त्याच नव्या घडणीत वापरायला सांगा. सोनार म्हणेल जुनं मोडीत द्या आणि नवं सोनं घ्या, तरी आपला आग्रह धरा. आणि आईची वस्तू आहे म्हणून काय ठरवलंत ते त्यांना लग्नाच्या गडबडीत नव्हे, आधी सांगा.

आत्याबाईंच्या भीतीची मी चेष्टा करणार नाही. नीलम लाभतो किंवा बाधतो, उशाशी तीन रात्री ठेवून स्वप्नं बघावीत, हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. मी स्वतः खड्याकडे ग्रहासाठी बघत नाही. पण ज्या घरात हा खडा चाळीस वर्षं सासूबाईंच्या बोटात होता, त्या घरातली माणसं त्या वर्षांबद्दल काय म्हणतात, हे आत्याबाईंनाच विचारा. त्यांना भाचीच्या संसाराची काळजी आहे, त्या काळजीनं शनीचं नाव घेतलंय. त्यांच्या हातूनच अंगठी लेकीला द्यायला लावलीत तर ती काळजी बरीच निवळेल. लेकीच्याच मनात भीती असेल तर मात्र तिला जबरदस्ती नको. तेव्हा खडा तुमच्याकडे राहू द्या आणि तिला तिच्या पसंतीचा दुसरा दागिना करा. भीत भीत घातलेली अंगठी तिलाही जड होईल.

घडण नवी करायची ठरली तर काही गोष्टी पक्क्या करा. सोनाराकडे देण्याआधी सुट्या खड्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा, एक भिंगातून आतल्या धाग्यांचा. ते रेशीम म्हणजे खड्याच्या अंगठ्याचा ठसाच, परत येताना ओळख पटवायला याहून चांगलं काही नाही. पावतीवर कॅरेटमधलं वजन आणि दाखल्याचा क्रमांक लिहून घ्या. खडा बसवल्यावर ज्योत नको, हे कारागिराला तोंडावर सांगा. पुढे कधी अंगठी सैल-घट्ट करायची झाली तरी खडा काढूनच डाग, म्हणजे सोन्याचा सांधा, लावायला सांगा. नीलम उष्णता सोसतो, पण डाग देताना लावलेला टाकणखार तापला की नीलमाचा पृष्ठभाग खातो आणि पैलू धुरकट होतात. चांगल्या चांगल्या खड्यांची तोंडं मी अशी गेलेली बघितली आहेत. मागून कोंदण बंद करू नका, उघडं ठेवा, या खड्याला प्रकाश हवा. रोज वापरायची असेल तर पंजे चारऐवजी सहा करा, किंवा कमरेभोवती सोन्याची पट्टी घ्या. पट्टीनं रंग थोडा गडदही भासतो. नीलमाचा कठीणपणा ९, हिऱ्याचा १०, त्यामुळे हिऱ्याच्या बांगड्यांबरोबर एका डबीत टाकू नका. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

आणि वाटीतल्या पाण्याची परीक्षा तुम्ही एकट्या करू नका. सकाळी उजेड अंगणात आला की लेकीला घेऊन तुळशीजवळ बसा. खडा तिलाच पाण्यात ठेवू दे आणि रंग कुठे बसलाय ते तिलाच शोधू दे. काय दिसलं ते मला जरूर कळवा.